पत्ते मी वाटते

पोकरच्या स्पर्धांमध्ये मी पत्ते वाटायचं काम करते, हे चारचौघांत मी पहिल्यांदा सांगितलं ते टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला, मुलाच्या घरी, जेवायला बसल्यावर. सांगायचं ठरवून बसले नव्हते. मुलाचा एक मित्र आणि त्याची बायको जेवायला आले होते. दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीत, आणि मित्र तिथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर. भरली वांगी वाढून मी बसतेय तोच त्याच्या बायकोने विचारलं, "काकू, रिटायर झालात ना? मग आता इकडेच?"

इकडेच म्हणजे फ्रिस्कोला. मुलाने आणि सुनेने हे घर घेताना वर नातवंडांना खोल्या, खाली एक खोली आणि तिला लागून बाथरूम असं मुद्दाम बघून घेतलं होतं. घरात सगळे तिला 'आई-बाबांची रूम' म्हणत. आई-बाबांना कोणी विचारलं नव्हतं. मी आणि माझा नवरा मिनेसोटात राहतो, ईडन प्रेरीला, आणि मरेपर्यंत तिथेच राहायचा आमचा विचार आहे. थंडीसकट.

"इकडे नाही गं," मी म्हणाले. "परवा ओक्लाहोमाला कामावर जायचंय. दिवाळीला परत येईन आणि मग घरी."

"काम? कन्सल्टिंग करता का?"

मुलगा पाणी पीत होता. पाणी संपलं तरी त्याने ग्लास तोंडापासून काढला नाही.

"नाही. कसिनोत पोकरच्या टूर्नामेंट असतात ना, तिथे मी डीलर आहे. पत्ते वाटते."

मित्र मोठ्याने हसला. त्याला मी थट्टा करतेय असं वाटलं. मग त्याने माझ्या मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं आवरलं.

"काकू, डोन्ट माइंड हं," तो म्हणाला, "पण तो जुगारच ना शेवटी? तिथलं वातावरण, दारू, ते लोक... तुमच्यासारख्या बाईने... म्हणजे आपण इथे मुलांवर संस्कार करायला एवढं धडपडतो. काका काय म्हणतात?"

"काका जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसतात," मी म्हणाले. "शाकाहारी माणूस. मासा धरतो, बघतो, परत सोडतो. दिवसभर तंबूत बसलेला असतो. त्याला अजून कोणी विचारलं नाही, की काकू काय म्हणतात."

सून खाली मान घालून हसली. मित्राची बायको हसली नाही. तिने विषय बदलला. नवऱ्याला पुढच्या आठवड्यात ऑस्टिनला ऑफिसची ऑफसाइट आहे, ऐन दिवाळीच्या तोंडावर, घरचं सगळं तिच्यावर पडणार, असं ती सांगत राहिली. जाताना मात्र दोघांनी मला वाकून नमस्कार केला. हे मला नेहमी गमतीचं वाटतं. पाया पडायचं आणि अक्कल शिकवायची, दोन्ही एकाच भेटीत.

ते गेल्यावर मुलगा भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता म्हणाला, "आई, यू डिडन्ट हॅव टू टेल देम."

"का?"

त्याने डिशवॉशरचं दार लावून बटण दाबलं.

पत्ते माझ्या आयुष्यात म्हातारपणी आलेले नाहीत. नागपूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारची जेवणं झाली की आमच्या घरी सतरंजीवर डाव पडायचाच. आई, दोन मावश्या, शेजारच्या काकू आणि जिला बसायचं असेल ती पोर. मेंढीकोट, झब्बू, रमी. कूलरच्या वाऱ्याने पत्ते उडायचे म्हणून प्रत्येकीच्या गुडघ्याखाली एकेक पत्ता दाबलेला असे, आणि नंतर तो सापडला नाही की भांडणं. आई पत्ते पिसायला लागली की मी खेळ विसरून तिच्या हातांकडे बघत राहायचे. पत्त्यांना हात लावू नये असं मुलींना सांगणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. तसं सांगणारे मला साठी ओलांडल्यावर टेक्ससमध्ये भेटले.

माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या कम्प्युटर विभागात गेली. रिटायर झाले, केक कापला, सगळ्यांनी चांगलं म्हटलं. मग हिवाळा आला. नवरा त्याच्या तळ्यावर. मी घरात. खिडकीतून बर्फ काढणारी गाडी जाताना दिसली की तेवढीच हालचाल. देवळात गेले, सिनियर लोकांच्या योगाला गेले, लायब्ररीत पुस्तकं लावायला गेले. कशातच मन रमेना. माणसं सगळीकडे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायची. मला गोड बोलणं नको होतं, मला काम हवं होतं. चुकलं तर कोणी ओरडेल असं.

आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहते. तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि माझ्या मागेपुढेच रिटायर झाली. एक दिवस ती आमच्या दारात उभी राहून म्हणाली, की इथून अर्ध्या तासावर एक कार्डरूम, म्हणजे पत्त्यांचा क्लब, आहे, तिथे पोकरचे डीलर तयार करायचा क्लास आहे, आणि एकटीने जायला तिला धीर होत नाही. मी कोट घातला आणि तिच्याबरोबर गेले.

शिकवणारा माणूस धिप्पाड होता, पूर्वी ट्रक चालवायचा. त्याने आम्हा दोघींकडे पाहून सांगितलं, "लेडीज, हे बोटांचं काम आहे. तुमच्या वयात बोटं वळत नाहीत."

मला तेवढंच हवं होतं. घरी जेवणाच्या टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरून मी रोज बसू लागले. पत्ता टेबलाला जवळजवळ टेकून सरपटत गेला पाहिजे, उडता कामा नये. उडाला तर समोरच्याला तो दिसतो. सुरुवातीला माझे पत्ते सोफ्याखाली जायचे, फ्रिजखाली जायचे. नवरा खेळाडू व्हायचा. एका खुर्चीत बसून विचार करायचा, पत्ते टाकायचा, मग उठून दुसऱ्या खुर्चीत बसून दुसराच माणूस व्हायचा. एक चिडका, एक दारू प्यायलेला, एक सारखा फोनवर बोलणारा. त्याच्यात एवढं नाटक आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. वसंत आला तेव्हा आम्ही दोघी परीक्षा पास झालो होतो. ट्रकवाल्याने माझा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट करून पाहिली आणि सोडून दिला.

मग बोटांचे ठसे झाले, लायसन्स झालं, काळा शर्ट आणि काळी पँट आली. एखादा फड गावोगावच्या जत्रा करत फिरावा, तशा या स्पर्धा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरतात. आठवडाभर एका कसिनोत, मग पाल उचलून पुढे. आम्ही दोघी त्यांच्याबरोबर जेवढं झेपेल तेवढं फिरतो. हॉटेलात एक खोली दोघींत. मी छोटा राइस कुकर नेते. तिला मेतकूट-भात इतका आवडतो, की आता मेतकूट संपत आलं की ती मला आठवण करून देते.

काम असं असतं. अर्धा तास एका टेबलावर बसायचं. नऊ माणसं समोर. पिसायचं, वाटायचं, कोणाची पाळी ते बघायचं, नियम मोडला तर थांबवायचं. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मग मागून खांद्यावर थाप पडते, नवा डीलर बसतो, आपण उठून पुढच्या टेबलावर. उठताना दोन्ही तळहात एकमेकांवर झटकून उलटसुलट करून दाखवायचे, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला कळतं की हातात काही लपवलेलं नाही. मी स्वतः पैसे लावून एक डावही खेळलेले नाही. हे मी सुरुवातीला लोकांना समजावून सांगत असे. आता सांगत नाही. खेळले असते तरी मी हेच काम केलं असतं.

अगदी पहिल्या दौऱ्यात, आयोवात, एका माणसाने डाव हरल्यावर दोन्ही पत्ते माझ्या तोंडावर फेकले. एक गालाला लागला. "ग्रँडमा, घरी जा," तो म्हणाला. "सूप कर."

मी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि 'फ्लोअर' अशी हाक मारली. फ्लोअर म्हणजे टेबलांवर देखरेख करणारा माणूस. तो आला, त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "हा आपला नेहमीचा आहे. जाऊ दे, पुढचा डाव वाट."

"वाटणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही नियमाप्रमाणे काय ते करेपर्यंत पत्त्यांना हात लावणार नाही. मला उठवायचं असेल तर उठवा."

ठरावीक वेळाने लावायची रक्कम वाढते आणि घड्याळ चालू होतं, त्यामुळे खेळणारे चुळबुळ करू लागले. माझे हात होते तिथेच राहिले. शेवटी पलीकडच्या खुर्चीतली एक बाई म्हणाली, "ती बरोबर आहे. मी पाहिलं." फ्लोअरने त्या माणसाला टेबलावरून उठवून बाहेर काढलं. तासाभराने तो परत आला, तेव्हा मी पुढच्या टेबलावर होते. त्याने माझी माफी मागितली नाही. त्या स्पर्धेत त्यानंतर मला कोणी ग्रँडमा म्हटलं नाही, आणि पुढच्या स्पर्धेचं बोलावणं मला घरी जायच्या आधीच आलं.

तर फ्रिस्कोच्या त्या जेवणानंतर मी ओक्लाहोमाला गेले. सुनेने मला सोडलं. टेक्ससची हद्द ओलांडली की लगेच कसिनो आहे. टेक्ससमध्ये कसिनो नाहीत, म्हणून पार्किंगमध्ये गाड्यांच्या नंबरपाट्या सगळ्या टेक्ससच्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारी, मी एका नव्या टेबलावर बसले आणि पत्ते पिसायला घेतले. समोर डावीकडे एक माणूस, टोपी कपाळावर ओढलेली, काळा चष्मा, हनुवटी छातीला लावलेली. पहिला डाव वाटला. त्याची पाळी आली. त्याने "कॉल", म्हणजे बरोबरीचे लावतो, म्हटलं आणि मी आवाज ओळखला. भरली वांगी दोनदा घेणारा मुलाचा मित्र. ऑस्टिनला गेलेला.

त्याने मला कधी ओळखलं ते सांगता येत नाही. बहुतेक माझ्या आधीच. म्हणूनच हनुवटी खाली होती.

ओळखीचं माणूस टेबलावर असलं तर सांगायचं असतं. मी फ्लोअरला हाक मारून सांगितलं, "हे गृहस्थ माझ्या मुलाच्या ओळखीचे आहेत." त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चालू दे म्हणून खूण केली. टेबलावरच्या सगळ्यांनीही ऐकलं. माझं काम झालं होतं. मुलाच्या मित्राच्या कानशिलावर घाम आलेला मला दिसत होता.

दोन-तीन डाव तसेच गेले. मग त्याची आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जुंपली. गुरांचा मोठा धंदा असलेला, उंच हॅट घातलेला गृहस्थ. बाकीच्यांनी पत्ते टाकले. टेबलावर मधोमध, सगळ्यांसाठी उघडे, राणी, दश्शी आणि दोन बारके पत्ते. म्हाताऱ्याने आपल्या पुढ्यातली सगळी चिप्सची, म्हणजे डावाच्या चकत्यांची, रास पुढे ढकलली. आता याने ठरवायचं होतं. हा आपल्या चिप्स खालीवर करत बसला. मग खाली मान घालून, ओठ न हलवता, मराठीत पुटपुटला, "काकू, प्लीज, घरी कोणाला सांगू नका हं."

डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं, हा सगळीकडचा नियम आहे. दोघांनी मिळून इतरांना न कळणाऱ्या भाषेत खुणा करू नयेत म्हणून. आणि तो बोलला तो डीलरशीच.

म्हाताऱ्याने हॅट मागे सारली. "हा तिला काय म्हणाला?"

माझा हात वर गेलेला होता. "फ्लोअर!"

फ्लोअर आला. मी सांगितलं की डाव चालू असताना खेळाडू माझ्याशी दुसऱ्या भाषेत बोलला. त्याने विचारलं, "काय म्हणाला?"

क्षणभर माझ्या मनात आलं, काहीतरी साधं सांगावं. वेळ विचारली म्हणून सांगावं. खोटं सांगणं अवघड नव्हतं, कोणाला कळणार होतं? पण मग मी त्या टेबलावर कशाला बसले होते?

"तो म्हणाला, घरी कोणाला सांगू नका," मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

सगळं टेबल हसायला लागलं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "पोरा," तो म्हणाला, "माझ्याही घरी सांगू नको." फ्लोअरही हसत होता, पण शिक्षा द्यायची ती त्याने दिली. हा डाव संपला की एक पूर्ण फेरी टेबलाबाहेर. मुलाच्या मित्राने पत्ते टाकून दिले, उठला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मी पुढचा डाव वाटला. त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढेही वाटावे लागतात, तसे वाटले आणि उचलून घेतले.

मधल्या सुट्टीत तो मला कॉफीच्या मशीनपाशी गाठायला आला. "काकू, काय यार, पेनल्टी लावलीत? मी किती हळू बोललो."

"हळू बोललास म्हणूनच लागली," मी म्हणाले आणि पुढे गेले. सुट्टीत खेळाडूंशी गप्पा मारत उभं राहिलेलं चांगलं दिसत नाही.

स्पर्धा संपवून फ्रिस्कोला आले, तेव्हा नवरा विमानाने येऊन पोचला होता. शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची दिवाळी होती. त्यात मुलांची रांगोळी स्पर्धा होती आणि नंबर मी काढायचे असं महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. त्यांनीच फोन करून मला विचारलं होतं. शुक्रवारी मुलगा माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, ते रांगोळीचं... दे आस्क्ड समवन एल्स."

"का म्हणून?"

"आय डोन्ट नो. कमिटीने ठरवलं."

"तुला माहीत आहे."

"आई, लेट इट गो. आपण गेलोच नाही तरी चालेल."

"न जायला काय झालं? साडीला इस्त्री करते."

हिरवी पैठणी नेसून मी गेले आणि पहिल्या रांगेत बसले. कार्यक्रम झाला, फराळाची ताटं लागली. मी चिवडा घेत होते तेव्हा मित्राची बायको जवळ आली. तिच्या मागे दोन पावलांवर हातात चकली धरून तो उभा होता. झब्बा, कपाळाला गंध.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका हं," ती म्हणाली. आवाज हळू नव्हता, आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. "पर्सनल काही नाही. पण मुलं विचारतात हो. कसिनोत काम करणाऱ्या बाईंना आपण मुलांसमोर जज म्हणून उभं केलं, तर त्यांना काय सांगायचं? तुम्हाला स्वतःला ऑकवर्ड नाही का वाटत तिथे? तसल्या लोकांत?"

मी तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. चकली तशीच हातात. तसले लोक म्हणजे कोण, ते सांगायला मला बोट दाखवलं तरी पुरलं असतं. शब्द जिभेवर आले होते हे खोटं कशाला बोलू? पण टेबलावर कोण बसलं, काय बोललं, किती हरलं, ते तिथेच ठेवून उठायचं, हे मी त्या कामाबरोबर पत्करलं आहे. तो आवडता आहे की नावडता, यावर ते ठरत नाही.

"ऑकवर्ड वाटत नाही," मी म्हणाले. "मुलांना सांग, या काकू पत्ते वाटतात. पत्ते वाटताना त्यांच्या डोक्यावर कॅमेरा असतो आणि समोर नऊ माणसं त्यांच्या बोटांवर नजर ठेवून असतात. आजपर्यंत कोणाला एक पत्ता कमी गेला नाही की जास्त गेला नाही. रांगोळीला नंबर द्यायला याहून जास्त काय लागतं, ते तुमच्या कमिटीने मला सांगावं. आणि बोलावलेल्या माणसाला येऊ नका म्हणायचं असेल, तर ते माझ्या मुलाच्या तोंडून नाही, मला फोन करून सांगावं. नंबर तुमच्याकडे आहे. बोलवायला फोन तुम्हीच केला होता."

ती काही बोलायच्या आत मी चिवड्याची वाटी घेऊन रांगोळ्यांकडे गेले. प्रत्येक रांगोळीपाशी थांबले. प्रत्येक मुलाला विचारलं, हा रंग कसा केला, हा मोर असाच का वळवला. एका मुलीने रांगोळीत फुटबॉलचं मैदान काढलं होतं, ती मला नियम समजावत बसली. नंबर कोणालाच दिले नाहीत, ते माझ्याकडे नव्हते. पण बघितल्या सगळ्या, आणि वेळ घेऊन बघितल्या. नवरा शांतपणे माझ्यामागून दुसऱ्या ताटात लाडू घेऊन फिरत होता.

पार्किंगमध्ये मुलाचा मित्र धावत आला. आजूबाजूला बघून म्हणाला, "काकू, थँक यू. रिअली."

"कशाबद्दल?"

"तुम्ही बोलला नाहीत."

"मी तुझ्यासाठी गप्प बसले नाही. तो माझ्या कामाचा नियम आहे. पण तुला कसला नियम होता? मला तसले लोक म्हणून बोललं जात होतं, तेव्हा तू का गप्प बसलास?"

मी थोडा वेळ थांबले, खरंच काही सांगेल म्हणून. मग गाडीत बसले.

गाडी सून चालवत होती. मुलगा पुढे, आम्ही दोघं मागे. गाडी हायवेला लागली. मग मुलगा म्हणाला, "आई, यू मेड अ सीन."

"मी चिवडा घेत होते."

"यू नो व्हॉट आय मीन. पीपल टॉक, आई. मला रोज या लोकांत राहायचंय."

आमचा मुलगा हायस्कूलमध्ये बँड शिकवतो. टेक्ससमध्ये शाळेचा बँड ही मोठी गोष्ट आहे, पण हे आम्हाला नंतर कळलं. त्याने मेडिकलला मिळालेली जागा सोडून संगीत शिकायचं ठरवलं, तेव्हा ओळखीतल्या निम्म्या लोकांनी मला फोन केले होते. एकीने विचारलं होतं, "बँड म्हणजे? लग्नात वाजवतात तो?"

"तू मेडिकल सोडलंस तेव्हाही पीपल टॉक होतं," मी म्हणाले. "मी कोणाला सांगितलं का, की मुलगा कन्सल्टिंग करतो?"

तो वळून माझ्याकडे बघू लागला.

"लग्नातला बँड का, असं विचारलं, तर मी म्हटलं, हो, तुमच्याकडे लग्न असेल तर सांगा. तू काय करतोस ते मी एकदाही लपवलं नाही. लाजले नाही. लाजायला सांगितलं तरी लाजले नाही. आता तू माझ्याबद्दल लोकांना काय सांगायचं, ते तुझं तू ठरव. पण मी काय करायचं, ते मी ठरवलेलं आहे."

नवऱ्याने खिडकीबाहेर बघत माझा हात धरला. मुलगा पुढे तोंड करून बसला. पुढचा सगळा रस्ता सुनेने गाण्यांचा आवाज थोडा वाढवून ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी सून चहा घेऊन खाली आली आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. तिला काहीतरी बोलायचं होतं, कप फिरवत होती.

"आई, एक विचारू? तुम्ही इकडे राहायला येणार नाही ना? नक्की?"

"नक्की. पाहुणे म्हणून येऊ, हवं तेव्हा."

"मग या खोलीत मी माझं ऑफिस करू का? वर मुलांचा फार गोंधळ असतो. कॉलवर असले की मला क्लोझेटमध्ये कपड्यांत बसावं लागतं."

मी 'हो' म्हणाले, लगेच म्हणाले. खोली नको होती मला, पण ती आपल्यासाठी रिकामी असते हे कुठेतरी बरं वाटत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. "टेबल खिडकीपाशी लाव," मी म्हणाले. "इथे उजेड चांगला येतो." दुपारी विमानाला निघायच्या आधी आम्ही दोघींनी मिळून पलंग भिंतीकडे सरकवला.

मुलाने आम्हाला विमानतळावर सोडलं. बॅगा काढून दिल्या. बापाला मिठी मारली, मग मला मारली. सोडताना म्हणाला, "आई, हाऊ लाँग आर यू गोइंग टू डू धिस?"

"बोटं चालतात तोवर."

"आणि मग?"

"मग नाही करणार."

तो अजून कधी मला काम करताना बघायला आलेला नाही. मी बोलावत नाही. हल्ली फोनवर मात्र विचारतो, कुठे आहेस, टेबलावर कोणी त्रास दिला का, खुर्च्या बऱ्या आहेत का. मंडळाकडून मला पुन्हा कशाला बोलावणं आलेलं नाही. मुलाचा मित्र त्यानंतर एका स्पर्धेत लांबच्या टेबलावर दिसला, मला बघून त्याने टोपी आणखी खाली ओढली.

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर थंडीत सुजतं. डॉक्टर बाईंनी विश्रांती घ्यायला सांगितली. मी विचारलं, विश्रांती घेतल्याने पेर बरं होईल का? त्या म्हणाल्या, नाही, पण दुखणार नाही. मी म्हटलं, मग दुखू दे. आता सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते आणि नवरा मला पेपर वाचून दाखवतो.

कालच शेजारीण येऊन गेली. पुढचा दौरा मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आहे, समुद्राला लागून हॉटेल आहे म्हणाली. आम्ही दोघींनी 'येतो' म्हणून कळवून टाकलं आहे.